तक्रारीतले शब्द मोजणारी आमची श्रीदेवी

तुमची नातसून काय करते, असं गल्लीत कुणी विचारलं की मी सांगते, शब्द मोजते. विचारणारी बाई आधी हसते, मग हळूच विचारते, "त्याचा पगार मिळतोय व्हय?" मिळतो, आणि वेळेवर मिळतो. आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेत विड्या वळणाऱ्या बायका मी पाहिल्या, घरी शिलाई घेणाऱ्या पाहिल्या, भाकरी थापून संसार ओढणाऱ्या तर किती तरी. शब्द मोजणारी मात्र पहिली आमच्याच घरात आली.

श्रीदेवी म्हणजे माझ्या मल्लेशची बायको. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कन्नड बोलायची, शाळेत मराठी शिकली आणि कॉलेज सोलापुरात केलं. लग्न होऊन आली त्या दिवशी मला अज्जी म्हणाली, ते अजून तसंच आहे. चिडली की तोंडातल्या तोंडात कन्नडमध्ये पुटपुटायची. तिला वाटायचं, म्हातारीला काय कळतंय. माझं माहेरही त्याच अंगाचं हे तिला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर माझ्याविषयीची तिची मतं मला पाठ झाली होती. मी काही बोलले नाही. त्यातली निम्मी खरीच होती.

तिची पोरगी शाळेत जायला लागल्यावर तिनं नोकरी धरली. एमआयडीसीत शाळेच्या गणवेशांचा एक कारखाना आहे. आबासाहेबांनी पत्र्याच्या शेडमध्ये चार शिलाई मशिनं टाकून तो सुरू केला, आता त्यांचा मुलगा महेश्वर बघतो. हाफ पँट, शर्ट, पोरींचे पिनाफोर असा सगळा माल हितून वर विदर्भात आणि खाली तेलंगणापर्यंत जातो. मे महिन्यात तिथं कुणाला पाणी प्यायला सवड नसते आणि जून लागला की तक्रारी सुरू होतात. बटण निघालं, बाही आखूड झाली, शिलाई उसवली, असे दुकानदारांचे फोन येतात. गुरुलिंग नावाचा कारकून त्या सगळ्या कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवतो. कित्येक वर्षांच्या तक्रारी साठल्या होत्या. लिहिल्या सगळ्या होत्या, वाचल्या कुणीच नव्हत्या.

कारखान्याची सगळी माहिती कॉम्प्युटरमध्ये नीट लावून ठेवायची, त्याला डेटाबेस म्हणतात, ते काम श्रीदेवीकडं आलं. आधी काम बघू, मग कायम करू, असं महेश्वरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग एकदा तो तिला म्हणाला, एवढ्या तक्रारी पडल्यात, लोक नेमके कशावर ओरडतात ते काढून द्या.

हे काम कसं चालतं ते तिनं मला पाणी आलेल्या दिवशी सांगितलं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, आलं की घरातलं माणूस जागचं हलत नाही. पिंप भरेपर्यंत बोलत बसायचं, दुसरं करणार काय? तर प्रत्येक तक्रार म्हणजे एक चिठ्ठी समजायची. मशीन ती चिठ्ठी शेंगेसारखी फोडतं आणि आतले शब्द दाण्यांसारखे वेगळे करून ठेवतं. मग त्याला विचारायचं, कोणता शब्द किती चिठ्ठ्यांत आलाय आणि सगळ्या मिळून किती वेळा आलाय. विचारायचीही एक रीत असते. नव्या सुनेनं सासऱ्याला विचारावं तसं, थोडक्यात आणि नेमकं. एक टिंब इकडचं तिकडं झालं तर उत्तर नाही. विचारलं की मशीन शब्दासमोर दोन आकडे ठेवतं.

मी म्हटलं, दोन कशाला, एक पुरे की.

ती म्हणाली, "अज्जी, पाणी गढूळ आहे म्हणून गल्लीतल्या पाच घरांतून एकेक हाक आली आणि एकाच घरातून पाच हाका आल्या, तर ते सारखंच का?"

"न्हाई," मी म्हटलं. "दुसऱ्या घरात तोंडाळ बाई हाय."

"तेच. एक आकडा घरांचा, एक हाकांचा."

मला पटलं. चौथीच्या पुढं मी शाळा पाहिली नाही, पण तोंडाळ बाया पुष्कळ पाहिल्या आहेत.

त्या मशीनला मराठी येत नव्हतं. बटण, बटणं आणि बटणाला ही एकाच घरची पोरं आहेत, हेसुद्धा त्याला सांगावं लागलं. ते सांगण्यात तिचे बरेच दिवस गेले. शेवटी तिनं विचारलं, आणि सगळ्यात वर कोण आलं असेल? सिद्धेश्वर. त्याच्याबरोबर 'श्री' आणि 'प्रसन्न'. झालं होतं असं की गुरुलिंग कुठलीही तक्रार लिहायच्या आधी 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' लिहायचा. त्याचे वडील आडत दुकानात लिहायला होते, तिथून ही सवय लागलेली. बटण तुटलेलं असो नाही तर पार्सल हरवलेलं, आधी देवाचं नाव, मग रडगाणं. ऑफिसातले लोक हसून हसून दमले. ग्रामदैवताविरुद्ध एवढ्या तक्रारी आहेत म्हटल्यावर त्याच्याच गड्ड्याच्या यात्रेत तोंड कसं दाखवायचं, असं एकानं विचारलं. गुरुलिंग दिवसभर कुणाशी बोलला नाही.

श्रीदेवीनं ते शब्द आणि 'आहे', 'सांगितले' असले किरकोळ शब्द मोजणीतून वगळले. जो शब्द प्रत्येक चिठ्ठीत असतो तो काहीच सांगत नाही, असं तिचं म्हणणं. आमच्या मल्लेशचं 'बघू' तसंच आहे.

देव बाजूला झाला आणि वर आला चन्नवीर.

चन्नवीर म्हणजे कारखान्याचे कटिंग मास्तर. आबासाहेबांच्या वेळेपासूनचे. कापडाचे थर एकावर एक टाकून, खडूनं आखून, सगळे एका वेळी कापायचे, म्हणजे शंभर शर्टांच्या बाह्या एकसारख्या निघतात. हात चुकला तर सगळ्याच बाह्या चुकतात. मास्तर आमच्याच पेठेत, मागच्या गल्लीत राहतात. त्यांची बायको शिवलीला मला अव्वा म्हणते, आईसारखी मानते.

श्रीदेवीनं छापून दिलेल्या कागदावर वर मथळा होता, 'दोष कशाकशात', आणि खाली पहिलं नाव चन्नवीर. बटण, बाही, शिलाई हे सगळं त्याच्या खाली. महेश्वरनं कागद पाहिला आणि काही विचारलं नाही. तसंही मास्तरांचं वय झालंय असं त्याच्या मनात कधीपासून होतंच. दुपारच्या चहाला सगळे जमले असताना त्यानं तो कागद वाचून दाखवला आणि म्हणाला, मास्तर, आता तुम्ही घरी आराम करा.

 मास्तरांनी आपली कात्री फडक्यात गुंडाळली आणि ते निघून गेले. या धंद्यातली रीत अशी की कात्री टेबलावर असेपर्यंत मास्तर उद्या येणार असतो. कात्री घरी गेली म्हणजे संबंध संपला.

त्याच संध्याकाळी महेश्वरनं श्रीदेवीला बोलावून सांगितलं, पुढच्या महिन्यापासून तुम्ही कायम. इतक्या वर्षांत कुणाला दिसलं नाही ते तुम्ही दाखवलंत. वर पेढ्यांचा पुडा दिला. तिनं तो आणून माझ्यापुढं ठेवला आणि हात धुवायलासुद्धा न जाता भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "अज्जी, मास्तरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई."

पुडा तसाच राहिला. दोन दिवसांनी मुंग्यांनी खाल्ला.

तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत मला शिवलीला भेटली. एरवी ती माझा डबा स्वतः उचलून पुढं सारते. त्या दिवशी तिनं तोंड फिरवलं आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "काही घरांत म्हणं माणसं मोजायचं मशीन आलंय." मी घरी येऊन श्रीदेवीला हे जसंच्या तसं सांगितलं. लपवून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी ती लवकर कारखान्यात गेली आणि तोच कागद पुन्हा समोर घेऊन बसली. या खेपेला तिनं दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहिले. बटणाच्या समोरचे दोन आकडे वेगवेगळे होते. चिडलेला दुकानदार एकाच तक्रारीत बटण, बटण, बटण असं तीनदा ओरडतो, म्हणून घरं कमी आणि हाका जास्त. बाहीचं तसंच. पण चन्नवीर मास्तरांचे दोन्ही आकडे एकच होते. जेवढ्या चिठ्ठ्या, तेवढ्याच वेळा नाव. प्रत्येकीत एकदा, फक्त एकदा.

ते मला सांगताना ती म्हणाली, "ज्याच्यावर राग असतो, अज्जी, त्याचं नाव कुणी एवढं मापात घेत न्हाई."

आणि नावांत असा जुळा आकडा आणखी एकाचाच होता, तो मघाशी वगळलेल्या देवाचा. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. मग तिनं मशीनला विचारायचं सोडलं आणि तक्रारी स्वतः वाचायला घेतल्या. वर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न', मधे रडगाणं, आणि शेवटची ओळ, 'चन्नवीर मास्तरांना सांगितले'. पुढची चिठ्ठी तशीच. तिच्या पुढचीही तशीच. डोक्यावर देव आणि पायाशी मास्तर, ही गुरुलिंगची लिहायची पद्धतच होती.

तिनं गुरुलिंगला जाऊन विचारलं, प्रत्येक वेळी त्यांचंच नाव का लिहिलं? त्याला प्रश्नच कळेना. "मग कुणाला सांगणार ओ? मालकाला सांगितलं तर मालक मास्तरांनाच सांगतेत." चूक कुणाचीही असो, निस्तरायचं मास्तरांनी. सुट्टी झाल्यावर थांबून ते नवी बाही कापायचे, कुणाकडून तरी शिवून घ्यायचे आणि पुढच्या पार्सलात घालून पाठवायचे. त्यांच्या नावाची ओळ पडली की त्या दुकानदाराची त्या कामाची दुसरी चिठ्ठी सहसा नसायचीच. गुडघ्याच्या ऑपरेशनला मास्तर रजेवर होते, तेव्हाच्या चिठ्ठ्यांत मात्र त्यांचं नाव नव्हतं, आणि तीच तीच तक्रार पुन्हा पुन्हा आलेली.

मग चहाच्या वेळी तू का बोलला नाहीस, असं तिनं विचारलं. तर म्हणाला, "मला कुणी इचारलं न्हाई." हे गुरुलिंगचं खरं आहे. देवाच्या प्रकरणानंतर त्यानं न विचारता बोलणं सोडलं होतं.

आता हे समजून घ्या की श्रीदेवीची चूक धरणारं तिथं कुणी नव्हतं. आकडे खरे होते. मशीन खोटं बोललेलं नव्हतं. ती गप्प बसली असती तर महिनाअखेरीला कायमचं पत्र हातात पडलं असतं. मल्लेशनं घरी हेच सुचवलं. तो म्हणाला, सांग, पण महिनाभर थांबून सांग, पत्र येऊ दे. तो वाईट मनानं नाही बोलला. घर चालवणारा माणूस आधी घराचं बघतो. श्रीदेवी भाजी चिरत होती, ती चिरायची थांबली.

"महिनाभर मास्तर घरात बसून राहतील," ती म्हणाली. "पेठेतनं चालताना लोक त्यांना काय विचारत असतील?"

मल्लेश म्हणाला, बघू. पण या वेळी त्यालाही ते पटलेलं होतं, कारण सकाळी त्यानं तिला स्वतःच्या गाडीवरून सोडलं.

पुढचं मला गुरुलिंगनं सांगितलं, कारण श्रीदेवी स्वतःचं कौतुक होईल असं काही सांगत नाही. सोमवारी सगळे जमतात तेव्हा ती उभी राहिली. हातात तोच कागद. म्हणाली, यावर 'दोष कशाकशात' असा मथळा आहे, तो मी घातला, आणि तो चुकीचा आहे. हा नुसता तक्रारीतल्या शब्दांचा कागद आहे. मग तिनं शेवटच्या ओळीचं सगळं सांगितलं, गुरुलिंगला दोष न देता. मास्तर असताना काय झालं आणि नसताना काय झालं, तेही सांगितलं.

महेश्वरला राग आला. चारचौघांत आपण केलेलं चुकलं म्हटल्यावर कुणालाही येणारच. तो म्हणाला, "म्हणजे तुमचं मशीन खोटं बोलतं?"

"मशीन खरं बोललं, सर. शब्द कुठं आहे एवढंच त्याला कळतं. का आहे ते मी वाचून बघायला पाहिजे होतं. मी वाचलं न्हाई."

मग खरा दोष कशात, असं त्यानं विचारलं. काजात आणि बटणात, ती म्हणाली, आणि तेही काज-बटणाचं नवं मशीन आल्यापासून. आता ते नवं मशीन महेश्वरनं स्वतः कोईमतूरला जाऊन पसंत केलेलं, हार घालून आणलेलं. गुरुलिंग सांगतो, तेव्हा सगळे आपापल्या चपला बघायला लागले.

 मग महेश्वर म्हणाला, ठीक आहे, मास्तरांना फोन लावा, उद्यापासून या म्हणावं.

इथंच ती थांबली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. पण ती म्हणाली, "फोन नको, सर. चारचौघांत पाठवलं त्यांना. बोलवायला दारात जायला पाहिजे. मीही येते, चूक माझी पहिली."

कायम न झालेली बाई मालकाला हे सांगते! मी हे गुरुलिंगकडून तीन वेळा ऐकलंय, आणि अजून त्याला वेळ असला तर चौथ्यांदा ऐकेन.

महेश्वर वाईट माणूस नाही. तरुण आहे, घाई आहे, एवढंच. त्यानं गाडीची किल्ली उचलली.

गाडी आधी आमच्या दारात आली. श्रीदेवी म्हणाली, अज्जी, तुम्हीही चला, शिवलीलाकाकू मला दारातूनच परत पाठवतील. मी लुगडं बदललं आणि निघाले.

शिवलीलानं दार उघडलं, आमच्याकडं बघितलं आणि दारातच उभी राहिली. श्रीदेवीला म्हणाली, "आता काय मोजायला आलाव? घरातली भांडी?"

मी म्हटलं, "आधी आत तर घे बाई. शिव्या सावलीत बसून दे."

तिला माझ्यापुढं बोलता येईना. बाजूला झाली.

मास्तर जमखान्यावर बसले होते. पुढ्यात जुन्या चादरी आणि त्यांची कात्री. घरात असतील नसतील तेवढ्या उश्यांना नवे अभ्रे झाले होते, आणि शेजारच्यांच्या उश्याही रांगेत ठेवलेल्या दिसत होत्या. हाताला सवय असली की हात गप्प बसत नाही. महेश्वर पुढं झाला, वाकला आणि म्हणाला, मास्तर, माझं चुकलं. मास्तरांनी मान हलवली, पण बघत होते श्रीदेवीकडं.

"तुज्या मशीननं माजं नाव घेतलं म्हनं, पोरी."

श्रीदेवीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नीट होता. "घेतलं, मास्तर. जवळजवळ प्रत्येक तक्रारीत तुमचं नाव आहे. पण सगळ्यात शेवटी आहे. त्याच्यापुढं तक्रार न्हाई."

 मास्तरांनी हातातला अभ्रा गुडघ्यावर पसरला आणि उगाच त्याची घडी घातली.

मग त्यांनी विचारलं, "जवळजवळ म्हंजे?"

"तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला होता, ते सोडून."

"तवा काय झालं?"

"तवा एकेक तक्रार चार-चारदा आली."

मास्तरांनी शिवलीलाकडं बघितलं. "ऐकलंस का? आन् तू म्हनतीस, घरात बसून तुमचा काय उपेग."

शिवलीलाला हसू आवरेना, म्हणून ती चहा टाकायला आत गेली. आतून विचारलं, मालक साखर घेतात का. तेव्हा मी ओळखलं, मिटलं.

महेश्वरनं विचारलं, मास्तर, उद्या येताय ना? मास्तर म्हणाले, उद्या येतो, आज शेजारणीच्या उश्या पुऱ्या करू द्या, नाही तर ती तक्रार करेल आणि तिच्याकडं लिहून घ्यायला गुरुलिंग नाही.

चहा पिऊन आम्ही उठलो. दारात महेश्वर श्रीदेवीला एवढंच म्हणाला, तो मथळा बदला, आणि यापुढं कागद देण्याआधी दहा-वीस तक्रारी वाचून द्या. ती हो म्हणाली. कायमचं पत्र पुढच्या महिन्यात आलं नाही. दिवाळीनंतर आलं. तोवर तिनं चिठ्ठीत एक वेगळा रकाना करून घेतला होता, 'कुणी निस्तरलं', म्हणजे निस्तरणाऱ्याचं नाव दोषाच्या शब्दांत पुन्हा मिसळायला नको.

महेश्वर गाडीतून सोडतो म्हणाला. मी नको म्हटलं. घर एका गल्लीवर आहे, पण मी श्रीदेवीला लांबच्या वाटेनं नेलं, भर बाजारातून, गिरणीवरून. तिनं विचारलं, अज्जी, इकडून कशाला? मी म्हटलं, चालणं गुडघ्याला बरं असतं. गिरणीपुढं बायका डबे घेऊन उभ्या होत्या. मी श्रीदेवीचा हात धरला आणि सावकाश चालले.